पेरायला दिलेली पोवळी

उदगीर
१४ सप्टेंबर २०२५

सौ. सिंधुताई यांना शरणार्थ. आमच्यात नमस्काराच्या जागी हे म्हणतात.

तुम्ही मला ओळखत नाही. मी शिवम्मा, सृष्टीची आई. जन्म दिलेली. हे शेवटचे दोन शब्द लिहायचे नव्हते, पण लिहून झाले आणि मी खाडाखोड करत नाही.

आमच्या शेजारी महामाया राहते, अंगणवाडीत काम करते. तिने काल तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. सृष्टीच्या संस्थेने समुद्रातली पोवळी वाचवण्यासाठी लोकांकडे मदत मागितली आहे, त्याचा. सृष्टी पाण्यातून वर येते, तोंडावरची काच काढते आणि तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणते, "ही माझी मालवणची आई. पोवळी वाचली पाहिजेत म्हणून ही दारोदार फिरली. हिच्यामुळे आमचं काम उभं राहिलं." तुम्ही हसता. तुमचे दात छान आहेत. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. सातव्यांदा मागितला तेव्हा महामाया म्हणाली, "काकू, बॅटरी उतरली की."

खाली तुमचा पत्ता होता, पाहुण्यांना खोल्या देता म्हणून. फोन नंबरही होता. पण फोनवर माझा आवाज चढतो.

कामाचं लिहिते. सृष्टीचे अप्पा १८ जानेवारी २०२३ला गेले. आमचं किराणा दुकान आहे. तूरडाळ जोखता जोखता गेले. गिऱ्हाइकाशी बोलत होते. काय बोलत होते ते मला नंतर कळलं, पण ते माझ्यापाशीच राहू दे. सृष्टी तेव्हा लक्षद्वीपच्या बाजूला बोटीवर होती. फोन लागला नाही. चौथ्या दिवशी आली आणि पाचव्या दिवशी गेली. तेव्हापासून या घरात तिचं पाऊल नाही. सणाला महामायाच्या फोनवर चार ओळी येतात, त्यांत माझ्या गुडघ्याची चौकशी असते.

येत्या १८ जानेवारीला तिसरं पुण्यस्मरण आहे. तिला पाठवा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते असं दिसतं. मी पत्र लिहिलं हे तिला सांगू नका. माझ्या सांगण्यावरून आली तर ते येणं नव्हे.

आणि एक. तुमच्याकडे रोज मासळी शिजत असणार. आम्ही लिंगायत. सृष्टी मासे खायला लागली का? खरं सांगा. नाहीतर राहू द्या.

शिवम्मा


उदगीर
५ ऑक्टोबर २०२५

सिंधुताई,

पत्र आणि आमसुलं मिळाली. आमसुलं चांगली आहेत. वाईट निघाली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही लिहिलंत, "चेडू मासे खाणा नाय. तेच्यासाठी येगळो टोप आसा." चेडू म्हणजे मुलगी, हे मी अंदाजाने ओळखलं. वाचून मला समाधान व्हायला हवं होतं. पण दिवसभर डोळ्यांपुढे तो वेगळा टोप येत राहिला. तो कोण घासतं, कुठल्या फळीवर ठेवतं. माझ्या घरात तिचं ताट अजून आहे. त्याला हात लावायला कोणी नाही, आणि तुमच्याकडे तिच्यासाठी भांडं आहे.

तुम्ही तिला सहज विचारलंत की घरी का जात नाहीस, आणि ती म्हणाली, "अव्वानं येऊ नको म्हटलंय." आमच्यात आईला अव्वा म्हणतात, वडिलांना अप्पा.

ते खरं आहे. मागच्या पत्रात मी ते सोडून दिलं होतं. ती चौथ्या दिवशी आली तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. चार दिवस मी वाट बघत होते की माझ्या शेजारी बसून माझ्या बरोबरीने रडणारं कोणीतरी येईल. ती आली ती उन्हाने काळी, हातपाय घट्ट, केसांना मिठाचा वास. मला वाटलं, इकडे माझं घर बसलं आणि हिला त्या पाण्याने किती धडधाकट ठेवलंय. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आलीस कशाला? जा, तुझ्या दगडांपाशी जा. परत येऊ नको." पोवळ्यांना मी दगड म्हणत होते तेव्हा.

आता म्हणत नाही. सिंधुताई, मी चौथी शिकलेली. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई. पुडी बांधायच्या आधी कागद वाचायचा, अशी सवय लागली. कितीतरी बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत, उरलेल्या अर्ध्यात कोणाची साखर गेली. सृष्टीचे अप्पा हसायचे, म्हणायचे, "शिवम्मा, आधी गिऱ्हाईक, मग जगाचं बघ." आता वाचनालयातून पुस्तकं आणते. पोवळं म्हणजे बारीक जीव असतात, पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक घरं बांधतात, पाणी तापलं की पांढरे पडून मरतात, हे मी वाचून काढलं. ती इथल्या मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात शिकत होती तेव्हाच वाचायला हवं होतं. उदगीरला समुद्र नाही, पण ते कॉलेज आहे. घरापासून सायकलवर जायची. मला वाटलं होतं, शिकून इथेच कुठे तळ्याबिळ्यावर नोकरी करील.

तुम्ही किती घरं फिरलात? किती जणांनी दिलं? सहज विचारते.

शिवम्मा


उदगीर
२ नोव्हेंबर २०२५

सिंधुताई,

एकशे साठ घरं म्हणता. बरं.

मीही सुरू केलं आहे. व्हिडिओत मदत मागितली होती ती सगळ्यांकडे, उदगीर सोडून असं काही म्हटलं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. सकाळी दळणाला किंवा पिठाला हात घालायच्या आधी बाई मूठभर ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकते. महिन्याने गाडगी गोळा होतात आणि मठातल्या दासोहाला जातात. दासोह म्हणजे सगळ्यांसाठीची पंगत, कोणीही येऊन जेवावं. मी बायकांना म्हटलं, या महिन्याची मूठ समुद्राला द्या. मठातल्या स्वामींना आधी विचारलं. ते म्हणाले, पंगत लांबची असली तरी पंगतच.

बायका एवढ्या सोप्या नाहीत. यंदा आमच्याकडे अतिवृष्टी झाली, सोयाबीन शेतातच कुजलं. मागच्या आळीतली नागाबाई ऐंशीची आहे, दात नाहीत पण जीभ आहे. ती म्हणाली, "शेतात पाणी मावंना, नळाला आठ-आठ दिस पाणी येईना, अन् तू आनखी पाण्यालाच वाढाय निघालीस व्हय?" सगळ्या हसल्या. माझे दीर शरणप्पा ओट्यावरून ओरडले, "वहिनी, समुद्रात काय कमी पडलंय? दोन घागरी आमच्या आडातल्या घेऊन जा!"

मी म्हटलं, "भावजी, तुमच्या शेताचा बांध फुटला तेव्हा कोण रडत आलं होतं?"

"मीच की."

"बांध नसला की काय होतं?"

"माती जाती. सगळंच जातंय."

"पोवळं म्हणजे समुद्रातला बांध. लाट त्याच्यावर आपटून मऊ होते, मग किनाऱ्याला लागते. त्याच्या कपारीत मासळी पिलं घालते. तो बांध आता मरून राहिलाय. आणि आपल्या डोक्यावर यंदा जे कोसळलं ते पाणी उदगीरला तयार झालं नाही. तापलेल्या समुद्रावरूनच आलं."

शरणप्पा म्हणाले, "असं सांग की. आधी बांध म्हन." त्यांनी स्वतः दोन पायल्या आणून ओतल्या.

त्यानंतर मी दर सोमवारी ओट्यावर वाचून दाखवते. वीस-पंचवीस बायका येतात. तुमच्याकडे ज्यांना समुद्र रोज दिसतो त्यांच्या दारात तुम्ही गेलात. माझ्या एकशे चार घरांपैकी समुद्र पाहिलेली माणसं तीन. हे बढाई म्हणून लिहीत नाही. बढाई म्हणूनच लिहिते आहे.

तिने घरी यायचं काही काढलं का?

शिवम्मा


उदगीर
२३ नोव्हेंबर २०२५

सिंधुताई,

ज्वारी मोंढ्यात विकली आणि आलेले पैसे महामायाने फोनवरून संस्थेला पाठवले. तुमच्यापेक्षा कमी भरले. मी कबूल करते की त्या संध्याकाळी मला भाकरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी नागाबाई आली. हातात तंबाखूची जुनी डबी. त्यात अकरा पोवळी, तिच्या लग्नातल्या पोतीची. दोरा कधीच कुजलेला.

"हे त्येच ना, तू वाचतीस ते?"

"हाव, तेच."

"मग दे पाठवून. पेरा म्हनावं परत."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या हिशेबाने बरोबरच होतं. दाणा कितीही वर्षं डब्यात राहिला तरी तो दाणा, ओल मिळाली की उगवणार. मला माहीत होतं की ते मणी म्हणजे त्या जिवांची हाडं आहेत आणि तेही दुसऱ्याच कुठल्या लांबच्या समुद्रातले, मालवणचे नव्हेत. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हणाले, "देते हो, नागाबाई."

तिने गल्लीभर सांगितलं. आठवड्यात घराघरांतून पोवळी आली. पोतीतली, अंगठीतली, पोरांच्या गळ्यातली. एक सून म्हणाली, "मावशी, माझं पेरल्यावर खूण करून ठेवा म्हनावं, आमी बघाय येऊ." मी तिलाही हो म्हटलं. माझ्याकडे पोवळं नाही, नाहीतर मीही घातलं असतं.

मी ते सगळे मणी मेन रोडच्या एका सराफाला विकले. जुन्या पोवळ्याला चांगला भाव आहे. दोघींचे मणी काचेचे निघाले. त्यांना मी ते सांगणार नाही, नवऱ्यांनी आणून दिलेले होते.

आता माझा आकडा तुमच्या पुढे गेला आहे. संस्थेला माझ्या हाताने चिठ्ठी लिहून पाठवली: "पोवळ्याचे मणी विकून आलेली मदत. शिवम्मा आणि गल्लीतल्या बायका, उदगीर." ती वाचतीलच. कोणी मोठ्याने वाचलं तर सृष्टीच्या कानावर जाईल. तिला कळू दे की दारोदार फिरणारी आई एकच नाही.

शिवम्मा


उदगीर
१४ डिसेंबर २०२५

सिंधुताई,

परवा सकाळी मी दुकानात पोहे मोकळे करत होते. फोन वाजला. माझा बटनांचा फोन आहे, त्यावर नाव दिसत नाही. तिकडून आवाज आला, "अव्वा, हे काय केलंस?"

तीन वर्षांनी अव्वा. पोह्यांचं पातेलं मी तसंच धरून उभी राहिले.

ती ओरडत होती. "लाल पोवळंसुद्धा समुद्रातूनच ओरबाडून आणतात, अव्वा! त्याचे दागिने घेऊ नका म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो, आणि तू आमच्या नावानं सराफाला विकतीस? त्या बायकांना काय सांगितलंस?"

मी म्हणाले, "पेरणार म्हणून सांगितलं."

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

ती म्हणाली, "मग का?"

तुमचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. मी गिळलं. म्हणाले, "तू व्हिडिओत दुसरीला आई म्हणालीस." एवढंच. साठीकडे झुकलेल्या बाईने पोह्यांचं पातेलं धरून म्हणायचं वाक्य नव्हे ते.

मला तिच्या मागे लाटांचा आवाज ऐकू येत होता. तुमच्या लाटांचा. मग तिने सांगितलं, "सगळे मणी सोडवून आण. एकेकीच्या दारात जा आणि खरं काय ते सांग. नाहीतर संस्था ती मदत परत पाठवील, मीच पाठवायला लावीन." आणि फोन ठेवला. येते, येत नाही, काही बोलली नाही.

ती ओरडली ते मला आवडलं. गुडघ्याची चौकशी करणाऱ्या चार ओळींपेक्षा ते बरं होतं. परक्या माणसावर असं कोणी ओरडत नाही.

मणी विकायचं मनात आलं तेव्हा मी तुम्हाला दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, त्याचं तुमचं उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं. टपालात अडकलं होतं. "शिवम्माबाये, मणी विकू नको गे." म्हणजे तुम्ही वेळेवर सांगितलं होतंत. आणि मी तुम्हाला पत्रं लिहिते हे तुम्ही तिला अजून सांगितलेलं नाही, तेही तिच्या बोलण्यावरून कळलं. तुमच्यावर रागवायला मला एक तरी सरळ कारण हवं होतं, ते तुम्ही देत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझ्याकडे पोवळं आहे. सृष्टीच्या बारशातली मनगटी, काळ्या मण्यांमध्ये दोन पोवळी. सगळ्या गल्लीचं घेतलं, माझं डब्यातून बाहेर काढलं नाही.

आता १८ जानेवारीचं तुम्ही तिला काही सांगू नका. मागायला मला तोंड राहिलेलं नाही.

शिवम्मा


उदगीर
४ जानेवारी २०२६

सिंधुताई,

सराफाकडे तीन खेपा झाल्या. माझ्या पाटल्या दिल्या आणि मणी घेतले. तो म्हणाला, "मावशी, घाट्याचा सौदा करून राहिलात." मी म्हटलं, "घाट्याचा आधी केला होता." सात मणी गेलेच. अंगठ्यांत बसले आणि मंगळ असलेल्या कोणाकोणाच्या बोटात गेले. ते नेमके नागाबाईचे.

मणी ओळखून वेगळे करायला दोन दिवस लागले. विकताना मी कोणाचे किती ते एका कागदावर लिहिलं होतं, एवढी एक अक्कल केली होती. प्रत्येकीची पुडी बांधली. दारात जायचं धाडस अजून होत नाही. पुड्या अप्पांच्या फोटोखाली मांडून ठेवल्या आहेत. रोज पुसते.

काल बसस्टँडवर बसवंत भेटला, दुकानात हाताखाली होता तो, आता लातूरची गाडी चालवतो. म्हणाला, "काकू, ताई येनार हायत का अठराला? मी गाडीत जागा धरून ठिवतो." मी म्हटलं, "तुझी गाडी चालव."

तुम्ही काही लिहिलं नाहीत या वेळी.

शिवम्मा


उदगीर
२२ जानेवारी २०२६

सिंधुताई,

हे पत्र सृष्टीच्या हातीच देते आहे. आता लपवण्यासारखं राहिलं नाही. तिने पुड्यांच्या कागदांशेजारी तुमची आमसुलाची पिशवी पाहिली, तिच्यावरचं तुमचं अक्षर ओळखलं आणि हसत सुटली.

ती १६ तारखेला सकाळी आली. बसवंतने तिची बॅग दारापर्यंत आणली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी गाडीच चालवत होतो, काकू." ती उंबऱ्यात थांबली. मी "ये" म्हणाले नाही, मला जमलं नाही. मी म्हणाले, "पुड्या तयार आहेत." ती म्हणाली, "मग चल. तूच बोलायचं. मी नुसती उभी राहणार."

दोन दिवस आम्ही फिरलो. दर दारात मी तेच सांगितलं. हे मणी उगवत नाहीत, मला ठाऊक होतं, मी खोटं बोलले. काही बायका पुडी घेऊन सरळ चुलीकडे वळल्या, ते सगळ्यांत कठीण होतं. एकीने दार लावून घेतलं. खूण करायला सांगणारी सून रडली. सृष्टीने तिला फोनवर तुमच्या तिथली खरी रोपणी दाखवली. जिवंत पोवळ्याचे तुटलेले तुकडे लोखंडी जाळीला बांधतात ती. सून डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे कलमच की! गुलाबाचं करतात तसं. मग मावशी, कलम म्हनायचं, पेरणं कशाला म्हनायचं?" शरणप्पा म्हणाले, "वहिनीला बांधाच्या पुढं शेती येतच न्हाई."

नागाबाईकडे शेवटी गेलो. तिची पुडी चार मण्यांची. मी सगळं सांगितलं, सात गेले हेही सांगितलं. ती चिडली.

"उगवत न्हाई व्हय? मग आधी सांगाय काय झालतं? नातीच्या गळ्यात घातले असते की मी!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनं." तिने डोळ्यांवर हात धरून सृष्टीकडे पाहिलं. "ही कोन? दुकानवाल्या संगमेश्वराची पोरगी? आली व्हय ही?" आणि मग पुडी कनवटीला खोचत म्हणाली, "मग उगवलं म्हन की."

सृष्टीने तिला मिठी मारली. नागाबाई म्हणाली, "सर बाजूला, खारट वास येतोय."

संस्थेची मदत परत येणार नाही. बायकांनीच नको म्हटलं. मण्यांचे म्हणून गेलेले पैसे आता माझ्या पाटल्यांचे झाले, बाकीची त्यांची ज्वारी. ती तुमच्या आकड्यात मिळवून टाका. माझं वेगळं लिहू नका, पण किती झालं ते मला एकदा कळवा.

आता जे तुम्हालाही लिहिलं नव्हतं ते. अठराला आम्ही सृष्टीच्या अप्पांच्या समाधीपाशी बसलो होतो. तिने विचारलं, "अप्पा शेवटी काही बोलले होते का?" तीन वर्षं हे उत्तर मी दाबून ठेवलं होतं. शेवटचं गिऱ्हाईक मोंढ्यातला हमाल दगडोबा होता. त्याने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. डाळ जोखता जोखता ते त्याला म्हणत होते, "आमची सृष्टी समुद्राच्या तळाला उतरती. तिथं उजेड कसा असतो ते ती मला आली की सांगणार हाय." आणि हातातलं वजन सुटलं.

एकतीस वर्षांचा संसार. शेवटच्या बोलण्यात मी नव्हते. म्हणून चौथ्या दिवशी ती आली तेव्हा मी ते तिला दिलं नाही. जा म्हटलं. ज्याचं होतं त्याला द्यायला मला तीन वर्षं लागली.

ती रडली नाही. मातीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "हिरवा असतो, अप्पा. वरून निळा दिसतो, पण आत उतरलं की हिरवा." आणि माझ्याकडे वळून तेच परत सांगितलं, जणू मीही विचारलं होतं.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. ती तुम्हाला म्हणाली, "परवा घरी पोचते." मी मान वर केली नाही. खडे काढत राहिले. थोड्या वेळाने तिच्याच लक्षात आलं, म्हणाली, "अव्वा, तसं नव्हे." मी म्हटलं, "तसंच आहे. पण इथलं ताट मी रोज घासते, तेवढं ध्यानात ठेव." ती म्हणाली, "पाडव्याला येते." गुढीपाडव्याला नाही आली तर मी तुम्हाला विचारीन, तिला नाही.

सोबत ज्वारी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं खारं वांगं देते आहे. ते तिच्या वेगळ्या टोपातलं नाही, तुमच्यासाठी आहे.

एका पुडीत एक पोवळं आहे. सृष्टीच्या मनगटीतलं. ते विकू नका, पेरू नका, अंगावर घालू नका. ती आजारी पडली, किंवा दुपारपर्यंत पाण्यातून वर आली नाही, तर हातात धरून बसा. मी इथे तेच करत होते, तिला ठाऊक नसताना.

मनगटीत पोवळी दोन होती. दुसरं मी ठेवून घेतलं आहे. ते मागू नका.

शिवम्मा